सिल्की टेरियर आणि यॉर्की: रेशमी केसांचा कुत्रा पाळताना

उंबरठा (सिडनी)

ओळखीची बरीच मराठी कुटुंबे अलीकडे सिल्की टेरियरविषयी विचारू लागली आहेत. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, आणि ज्यांच्याकडे सिल्की किंवा त्याचा जवळचा नातलग यॉर्कशायर टेरियर आहे त्यांनी भर घालावी, म्हणून हा धागा काढत आहे. आमच्या घरी बंड्या नावाचा सिल्की आहे. तो आता पोक्त झाला आहे, निदान कागदोपत्री तरी.

ही जात इथलीच. ऑस्ट्रेलियन टेरियर आणि इंग्लंडहून आलेले यॉर्कशायर टेरियर यांच्या संकरातून ती घडली. बराच काळ तिला 'सिडनी सिल्की' म्हणत आणि १९५५ मध्ये 'ऑस्ट्रेलियन सिल्की टेरियर' हे नाव ठरले. खांद्यापर्यंत उंची २३ ते २६ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास, कान ताठ, पाठीवर मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंना सरळ, चमकदार, निळसर राखाडी केस. तोंड आणि पाय तांबूस. पिल्लू जन्मतः काळे असते आणि निळी झाक पक्की व्हायला दीड वर्षही लागते, तेव्हा रंग वेगळा निघाला म्हणून ब्रीडरशी हुज्जत घालू नये.

मला सांगायचे आहे ते असे की, लोक हा कुत्रा केसांकडे पाहून निवडतात आणि मग त्यांची गाठ टेरियरशी पडते. इथल्या घरांच्या आवारात उंदीर मारणे, आणि प्रसंगी सापावरही धावून जाणे, हा या कुत्र्यांचा जुना उद्योग आहे आणि तो त्यांच्या रक्तातून गेलेला नाही. बंड्याने आमच्या कुंपणाखाली दोनदा भुयार काढून शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची चौकशी केली आहे. सरडा, पोसम (इथला झाडावर राहणारा लहान प्राणी), पोस्टमन आणि वाऱ्याने हलणारी पिशवी हे चौघेही त्याच्या दृष्टीने एकाच दर्जाचे गुन्हेगार आहेत. ज्यांना मांडीवर शांत बसणारा जीव हवा आहे त्यांनी दुसरी जात पाहावी. ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ चालायला सोबत हवी आहे आणि घरात थोडी दादागिरी चालते, त्यांना याच्यासारखा सोबती नाही.

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लकवा आणणारी गोचीड. ही भारतातल्या नेहमीच्या गोचिडीपेक्षा वेगळी. तिच्या लाळेतील विषाने कुत्र्याचे मागचे पाय आधी लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, ओकारी येते, आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. वसंतात, म्हणजे सप्टेंबरपासून पुढे, तिचा जोर अधिक असतो, पण उष्ण पट्ट्यात ती बाराही महिने सापडते. गोचीड मारणारी गोळी वेळापत्रकानुसार द्यायचीच, आणि ती दिलेली असली तरी रोज बोटांनी कुत्रा चाचपायचा. लांब केसांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. कानांच्या आत, ओठांच्या कडेला, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.

---

घाटमाथा (ठाणे)

उत्तम धागा. माझे आईवडील निवृत्त आहेत, फ्लॅट लहान आहे आणि दोघांना सोबत हवी म्हणून आम्ही यॉर्कीचा विचार करत आहोत, कारण इथे सिल्की मिळणे कठीण दिसते. या दोन जातींत नेमका फरक काय? आणि केस रोज विंचरणे आईला जमेल का? तिची बोटे संधिवाताने आखडतात.

---

कोकणकडा (मेलबर्न)

यॉर्की लहान. जातीच्या ठरलेल्या मानकानुसार त्याचे वजन ३.२ किलोच्या आत असते, नाकाड आखूड असते, आणि प्रदर्शनातल्या यॉर्कीचे केस जमिनीपर्यंत पोहोचतात. सिल्कीचा बांधा थोडा लांब आणि दणकट, दात व जबडा मोठे, आणि केस पाठीवर १२ ते १५ सेंटिमीटर असले तरी पायांपाशी आखूड असतात, म्हणजे कुत्र्याखालून उजेड दिसला पाहिजे. स्वभाव मात्र सख्ख्या भावंडांचा.

यॉर्की नाजूक दिसतो म्हणून त्याला खेळणे समजणाऱ्यांनी त्याचे मूळ पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधले विणकर कामासाठी यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत आले, त्यांनी आपली लहान टेरियर कुत्री सोबत आणली, आणि गिरण्यांतले उंदीर मारणे हे त्या कुत्र्यांचे काम होते. १८६५ मध्ये जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' नावाचा कुत्रा आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली 'स्मोकी' नावाची यॉर्की कुत्री तर जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या लिंगायेन येथे धावपट्टीखालच्या सुमारे सत्तर फुटी अरुंद नळातून तार ओढत पलीकडे गेली होती. तिचे वजन दोन किलोही नव्हते.

विंचरण्याविषयी. आमच्याकडे दिवसाआड पंधरा मिनिटे लागतात आणि ती चुकवली तर आठवड्याने एक तास लागतो. कुत्र्याला कुशीवर झोपवायचे, केसांवर पाण्यात थोडे कंडिशनर मिसळून बारीक फवारा मारायचा, कारण कोरडे केस ओढले की मधेच तुटतात. पोटाकडून सुरुवात करून केसांचा एक पातळ थर हाताने वर धरायचा आणि खाली राहिलेला थर टोकाकडून मुळाकडे टप्प्याटप्प्याने सोडवायचा. मग वरचा थर खाली घ्यायचा. असे पाठीच्या भांगापर्यंत यायचे. शेवटी लोखंडी कंगवा कातडीपर्यंत घालून फिरवायचा आणि तो कुठे अडकत नाही ना ते पाहायचे. वरवर ब्रश फिरवणाऱ्यांचा कुत्रा वरून रेशमी आणि आतून नमद्यासारखा असतो. गुंता हमखास होतो तो कानांमागे, काखेत, जांघेत आणि हार्नेस घासतो त्या पट्ट्यात. गुंता असताना आंघोळ घालू नये. पाण्याने तो आवळतो आणि मग कात्रीशिवाय गत्यंतर राहत नाही.

---

पाणपोई (पुणे)

कोकणकडा यांचे वर्णन अचूक आहे, पण ते ठाण्यातल्या संधिवात असलेल्या आजींना लागू करू नये असे मला वाटते. आमच्याकडे यॉर्की आहे, नाव चिंगी. तिचे केस आम्ही सर्वांगावर दोन-तीन सेंटिमीटर ठेवतो. पाचसहा आठवड्यांनी ग्रूमर कापतो आणि मधल्या काळात दिवसाआड पाच मिनिटे कंगवा पुरतो. पुण्याच्या पावसाळ्यात लांब केसांचा कुत्रा दिवसातून तीनदा चिखलात जाऊन आला की त्याला नीट वाळवणे हेच घरातल्या एका माणसाचे काम होऊन बसते. ओले राहिलेले केस म्हणजे बुरशीला आणि खाजेला आमंत्रण.

---

कोकणकडा (मेलबर्न)

कापण्याला माझा विरोध नाही, पण सिल्कीचे केस मशिनने फार आखूड केले की पुन्हा येणारे केस पुष्कळदा मऊ, कापसासारखे येतात आणि त्यांत गुंता अधिक होतो. शिवाय पाठीची कातडी उन्हाने भाजते. केसच जर नको असतील तर सिल्की घ्यायचा कशाला, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

---

पाणपोई (पुणे)

तुम्हीच वर उंदरांचा आणि नळाचा इतिहास लिहिलात ना? त्या कुत्र्याला केस कुणासाठी हवे आहेत, त्याला की आपल्याला? उन्हाचा मुद्दा मान्य. म्हणूनच कातडी दिसेल इतके कापू नये, आणि कात्रीने कापून घेतल्यास पोत फारसा बिघडत नाही.

---

निर्गुडी (नाशिक, पशुवैद्य)

दोघांच्या मताला आधार आहे. जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियनसारख्या दुहेरी केसांच्या जातींना मुळापासून भादरले तर काही वेळा केस परत येतच नाहीत. यॉर्की आणि सिल्की यांना आतला लोकरीचा थर नसतो, त्यामुळे तो धोका इथे तसा नाही. बाकी ज्याला जितके विंचरणे जमते तितकी लांबी ठेवावी. माझ्या टेबलावर केसांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपेक्षा दात, गुडघे आणि श्वासनलिका घेऊन येणारी कुत्री कितीतरी जास्त असतात, आणि त्यांविषयी कुणी विचारत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दात आधी. लहान जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसतात, मधे अन्न अडकते आणि हिरड्यांचा आजार तीन-चार वर्षांच्या कुत्र्यातच दिसू लागतो. त्यात भर म्हणजे या जातींत दुधाचे सुळे पुष्कळदा पडतच नाहीत आणि नवा सुळा त्याच्या शेजारीच उगवतो. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचा ओठ वर करून पाहावे. दोन सुळे जोडीने दिसले तर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत दुधाचा दात काढून घ्यावा. रोज ब्रश करावा, पण माणसांची टूथपेस्ट वापरू नये. भूल न देता वरवर दात खरवडून देणारे काही लोक आहेत. दात पांढरे दिसतात, पण रोग हिरडीखाली असतो आणि तो तसाच राहतो.

गुडघा. चालता चालता कुत्रा एक मागचा पाय उचलतो, तीन पायांवर चार उड्या मारतो आणि पुन्हा काही झालेच नाही असा धावतो. मालकाला ही गंमत वाटते, पण ही गुडघ्याची वाटी सरकण्याची नेहमीची खूण आहे. तिचे चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात वजन आटोक्यात ठेवणे आणि सोफ्यावरून उड्या बंद करणे बहुधा पुरते, पुढच्या टप्प्यांत शस्त्रक्रिया लागू शकते. पिल्लू वर्षाच्या आतच सतत लंगडत असेल आणि मागची मांडी बारीक होत असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा आजारही या लहान टेरियरमध्ये आढळतो. त्याचे निदान एक्स-रेने होते.

श्वासनलिका. हिच्या कूर्चेच्या कड्या यॉर्कीत मुळातच मऊ असू शकतात. उत्साहात किंवा पट्टा ओढला गेल्यावर हंसाने ओरडावे तसा कोरडा खोकला येऊ लागला की ती दबते आहे असे समजावे. गळ्यातला पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवावा. दोरी छातीवरच्या हार्नेसलाच बांधावी. घरात उदबत्ती, धूप आणि सिगारेट यांचा धूर कमी करावा. लठ्ठ कुत्र्याचा खोकला औषधाने फारसा हटत नाही, वजन उतरवल्यावर मात्र पुष्कळ कमी होतो.

आणि यॉर्की घेणाऱ्यांनी यकृताला वळसा घालणाऱ्या जन्मजात रक्तवाहिनीविषयी ऐकून ठेवावे. आतड्यांतले रक्त यकृतातून न गाळता थेट शरीरात जाते. पिल्लू वाढत नाही, आणि विशेषतः जेवणानंतर सुन्न होऊन भिंतीला डोके टेकून उभे राहते किंवा गोल फिरते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर रक्तातील पित्ताम्ल तपासले की संशयाची दिशा कळते. ज्या विक्रेत्याला ही तपासणी माहीतच नाही त्याच्याकडून यॉर्की घेण्याचे टाळावे.

---

घाटमाथा (ठाणे)

मनापासून आभार. आहाराबद्दल विचारायचे राहिले. आमच्याकडे कुत्र्याला दूध-पोळी घालायची पद्धत आहे, आणि बाबा त्यावर तूप घातल्याशिवाय राहणार नाहीत. आणखी एक. एका विक्रेत्याने आम्हाला 'टीकप यॉर्की' दाखवली, वजन पूर्ण वाढीनंतर दीड किलो होईल म्हणाला, आणि किंमत जवळपास दुप्पट सांगितली.

---

निर्गुडी (नाशिक, पशुवैद्य)

चार किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी लागतात, यॉर्कीला त्याहून कमी. तूप लावलेली एक मोठी पोळी म्हणजे त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा झाला, आणि त्यात प्रथिने किती? बाबांना हाच हिशेब दाखवावा. शिवाय या जातींना स्वादुपिंडाची सूज येण्याची प्रवृत्ती असते, आणि तिला बऱ्याचदा तळण, साय किंवा मटणाच्या चरबीचे निमित्त होते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पाठ कमानीसारखी करून ओकणारी लहान कुत्री माझ्याकडे दरवर्षी येतात. द्राक्षे आणि बेदाणे तर पूर्ण वर्ज्य. आमच्या भागात ती घरात पडलेलीच असतात, पण त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती द्राक्षांनी होतील हे कुत्र्यागणिक बदलते. कांदा, लसूण, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही नकोत. शिऱ्यातले आणि करंजीच्या सारणातले बेदाणे लोक विसरतात.

'टीकप' अशी कोणतीही मान्यताप्राप्त जात किंवा उपजात नाही. खुरटलेल्या किंवा आजारी पिल्लांना दिलेले ते विक्रीचे नाव आहे. इतक्या लहान पिल्लाच्या रक्तातली साखर दोन वेळचे खाणे चुकले तरी उतरते. ते थरथरते, झोकांड्या खाते, मग निपचित पडते. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून लगेच दवाखाना गाठायचा असतो. ज्यांच्या हाताने हे व्हायचे आहे ते तुमचे आईवडील आहेत, हे लक्षात घ्यावे.

---

उंबरठा (सिडनी)

सापाविषयी एक भर. आमच्या उपनगरातल्या मराठी मंडळींना ती नीट माहीत नाही असे आढळले. ईस्टर्न ब्राऊन जातीचा साप चावल्यावर कुत्रा एकदम कोसळतो आणि काही मिनिटांत उठून नेहमीसारखा चालू लागतो. ते बरे होणे नसते. त्या कोसळण्यालाच दंशाची खूण समजून, धावू न देता उचलून थेट दवाखान्यात न्यायचे. झुडपांत तोंड खुपसणाऱ्या टेरियरला हा धोका अधिक, म्हणून उन्हाळ्यात रानवाटेवर बंड्याची दोरी आम्ही कधीच सोडत नाही. हाक मारल्यावर तो येतो, पण आधी स्वतःचे काम पुरे करून.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: न्यू साउथ वेल्समध्ये २०२० च्या सिडनीतल्या होरायझन इमारतीच्या निकालानंतर आणि २०२१ च्या कायदेबदलानंतर इमारतीच्या समितीला सरसकट 'प्राणी नकोत' असा नियम करता येत नाही. भुंकण्याचा उपद्रव हे मात्र आक्षेपाचे वैध कारण राहते, आणि सिल्की भुंकतोच. ओरडून गप्प करायला गेलो की त्याला आपणही भुंकत आहोत असे वाटते. आम्हाला उपयोगी पडले ते दोनच उपाय. पहिला, रस्त्याकडच्या काचेला खालून दोन फुटांपर्यंत धूसर कागद लावणे. दुसरा, दार वाजले की आपल्या चटईवर जाऊन बसल्यास खाऊ मिळतो हे त्याला शिकवणे. दुसऱ्याला महिने लागले, पहिल्याने त्याच संध्याकाळी फरक पडला.

---

पाणपोई (पुणे)

घाटमाथा, आपल्याकडे सोसायटीच्या बाबतीत भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरू न देणेही त्यांत बसत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद जवळ असली की बैठकीतला निम्मा वाद तिथेच मिटतो.

गोचिडी इथे लकवा आणत नाहीत, पण त्यांच्यापासून होणारा ताप काही कमी नाही. चिंगीला पावसाळ्यानंतर तो झाला होता. पहिली खूण एवढीच होती की जेवणाचे भांडे पाहूनही ती उठली नाही. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट खूप उतरलेले निघाले. म्हणून वर सांगितलेली बोटांनी चाचपण्याची सवय पुणे-ठाण्यातही तितकीच लागू आहे. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या कुत्र्यासाठी लेप्टोस्पायरोसिसचीही लस दरवर्षी चुकवू नये.

---

घाटमाथा (ठाणे)

घरी सर्व वाचून दाखवले. टीकपचा विषय बाबांनीच मिटवला. आईचे म्हणणे असे पडले की पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांची, स्वभाव कळलेली यॉर्की कुणाला द्यायची असेल तर तिला आवडेल, म्हणजे रात्रीचे उठणे आणि चावरे दात दोन्ही टळतील. केस आखूडच ठेवायचे हेही ठरले. तोवर एका ब्रीडरकडे पुढच्या आठवड्यात निदान पाहायला तरी जाणार आहोत. तिथे काय विचारावे?

---

पाणपोई (पुणे)

मोठी कुत्री घेण्याचा विचार फारच चांगला आहे. ब्रीडरकडे गेल्यावर आधी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी पाहायला मागा. २०१७ च्या नियमांनुसार ती बंधनकारक आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मग लशींचे कार्ड, आईवडिलांच्या गुडघ्यांची तपासणी आणि पित्ताम्लाचा अहवाल. सर्वांत शेवटी पिल्लांच्या आईला भेटायची इच्छा दाखवा. ती कशी दिसते आणि अनोळखी माणसांशी कशी वागते यावरून पिल्लाविषयी बरेच कळते. 'ती सध्या गावाला आहे' असे उत्तर आले तर चहाला थांबू नका.